राग ऐकायचा असेल तर ॲप बरे की स्वतःचा संग्रह?

ख्याल आणि नाट्यसंगीत ऐकणाऱ्या आमच्या ओळखीच्या मंडळींत “सध्या काय ऐकताय?” या प्रश्नापाठोपाठ हल्ली “कशावर ऐकताय?” हा प्रश्न हमखास येतो. ज्यांच्या घरी माळ्यावर कॅसेटींची खोकी पडून आहेत आणि ज्यांच्या फोनमध्ये मुलांनी एखादे गाण्यांचे ॲप घालून दिले आहे, अशा लोकांना ही निवड खरोखरच करायची असते: दरवर्षी शुल्क भरून ॲपवर ऐकावे, की हाताशी असलेल्या कॅसेटी-सीडींचे डिजिटल रूपांतर करून मेमरी कार्डवर आपला संग्रह उभा करावा? दोन्ही मार्ग मी बराच काळ शेजारी शेजारी वापरले आहेत. माझा कल एका बाजूला झुकलेला आहे आणि तो पुढे दिसेलच; पण दुसऱ्या बाजूला काही नाही, असे मात्र मी म्हणणार नाही.

मी कोकणात, वेंगुर्ल्याच्या बाजूला राहतो म्हटल्यावर ऐकणाऱ्याला वाटते की हा निर्णय रेंजवरून झाला असणार. निसर्ग वादळाने 3 जून 2020 रोजी उत्तर कोकणाची दैना केली आणि दापोली-मंडणगडकडची कित्येक गावे पुष्कळ दिवस विजेविना राहिली. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्तेचा तडाखा आमच्या किनाऱ्याला बसला. अशा वेळी टॉवरच बंद पडतो, तिथे ॲपचे काय? शिवाय कुडाळहून मुंबईला जाताना रत्नागिरीच्या पुढे करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा लागतो आणि आलाप जिथे असेल तिथे थांबतो. हे सर्व खरे असले तरी ॲपमध्ये गाणी आधी उतरवून ठेवण्याची सोय असतेच, आणि वीज गेली की स्पीकर दोघांचाही बंद पडतो. त्यामुळे रेंजचा मुद्दा मी तरी निर्णायक मानला नाही.

निर्णय झाला तो एका वेगळ्याच त्रासामुळे, आणि तो सांगण्यासाठी सध्या मी काय ऐकतो आहे ते सांगावे लागेल. मिरग लागल्यापासून मी मल्हार या पावसाळी रागाचे प्रकार ऐकतो आहे आणि नारळी पौर्णिमेपर्यंत तेच चालू राहील. यातली मौज एक राग ऐकण्यात नसून तुलनेत असते. मियाँ मल्हारात कोमल गंधाराचे, म्हणजे ‘ग’ या स्वराचे, ते जड आंदोलन आणि दोन निषादांची (‘नी’ची) लगट. गौड मल्हारात गंधार शुद्ध होतो आणि तोच पाऊस एकदम हसरा वाटू लागतो. मेघात तर गंधार आणि धैवत दोन्ही नाहीत. हे एकापाठोपाठ एक ऐकले, शिवाय एकच राग तीन-चार घराण्यांच्या गळ्यांतून ऐकला, की जे पुस्तक वाचून कळत नाही ते कानाला आपोआप कळते. म्हणजे माझ्या ऐकण्याचे एकक राग हे आहे.

आणि ॲपला नेमका राग कळत नाही. त्याला गायक कळतो, अल्बम कळतो, प्रकाशक कळतो, तुमची मनःस्थिती कोणती असावी याबद्दलही त्याचे काही अंदाज असतात. परंतु रागाचे नाव त्याच्या लेखी शीर्षकातला एक शब्द एवढेच असते आणि तो शब्द रोमन लिपीत कोणी कसा लिहिला असेल याला धरबंध नाही. ‘मल्हार’ शोधले की पावसाचे नुसते आवाज, ध्यानधारणेचे संगीत, त्या नावाच्या चित्रपटांची गाणी आणि मधूनच एखादा खरा मल्हार, असे मिश्रण पुढ्यात येते. ‘बोले रे पपीहरा’ शोधले तर मियाँ मल्हारातील पारंपरिक बंदिशीऐवजी 1971 च्या ‘गुड्डी’मधले वाणी जयराम यांचे गाणे सर्वांत वर उभे राहते. ते गाणे मला प्रिय आहे, आणि त्याचे संगीतकार वसंत देसाई हे आमच्याच कुडाळजवळच्या सोनवड्याचे, त्यामुळे तक्रार करताना थोडे संकोचायला होते. पण त्या घटकेला मला बंदिश हवी असते.

याहून अधिक टोचते ते तुकडे पाडणे. किशोरीताई आमोणकरांचा भूप घ्या. ‘प्रथम सुर साधे’ हा विलंबित, म्हणजे संथ लयीतला, ख्याल आणि त्यातून उमलणारी ‘सहेला रे’ ही द्रुत, म्हणजे जलद, बंदिश मिळून तो एक भूप होतो. मी वापरत असलेल्या ॲपवर ती दोन स्वतंत्र ‘गाणी’ होती आणि लोकप्रिय म्हणून सुचवले जात होते ते केवळ ‘सहेला रे’. विलंबिताने बांधलेली बैठक नसताना ती द्रुत कितीही गोड लागली तरी अर्धीच लागते. नाट्यसंगीतात उलटा घोळ होतो. ‘कट्यार काळजात घुसली’ या 1967 च्या नाटकासाठी मंगेशीच्या जितेंद्र अभिषेकीबुवांनी ‘घेई छंद मकरंद’ हे एकच पद दोन निरनिराळ्या चालींत बांधले, कारण दोन गायकी समोरासमोर ठेवणे हा त्या नाटकाचा प्राणच आहे. ॲपच्या यादीत मात्र ते एकच गाणे दोनदा आल्यासारखे दिसते आणि कोणती चाल कोणती हे लावून पाहिल्याशिवाय समजत नाही. वर्षाची गोष्ट तर सोडूनच द्यावी. 1942 साली निवर्तलेल्या मास्टर दीनानाथांच्या पदापुढे मी 2000 नंतरचे साल पाहिले आहे. ते पुनर्प्रकाशनाचे साल असणार, पण नव्या श्रोत्याने ते कसे ओळखावे? साथीला तबल्यावर आणि हार्मोनियमवर कोण, याचा उल्लेख तर क्वचितच.

न्याय करायचा तर हा दोष केवळ ॲपवाल्यांचा नाही. 1977 मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर जी सुवर्णतबकडी अंतराळात गेली, तीत गोव्याच्या केसरबाई केरकरांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी आहे. त्या तबकडीवरील संगीताच्या नासाने प्रसिद्ध केलेल्या यादीत देश, बंदिशीचे शब्द आणि गायिकेचे नाव दिलेले आहे; रागाच्या जागी मात्र ‘राग’ एवढेच लिहिले आहे, कोणता ते नाही. परग्रहावरच्या श्रोत्याचीही गत माझ्यासारखीच होणार, म्हणायची.

स्वतःच्या संग्रहात हा त्रास राहत नाही, कारण नावे आपण देतो. गाण्याच्या प्रत्येक डिजिटल फाइलबरोबर शीर्षक, कलाकार, अल्बम, वर्ष, शैली असे रकाने असतात. त्यांतल्या शैलीच्या रकान्यात मी सरळ रागाचे नाव देवनागरीत लिहितो आणि टिपणाच्या रकान्यात ताल व साथीदार. त्यानंतर कोणत्याही साध्या प्लेअरमध्ये शैलीनुसार यादी लावली की गौड मल्हाराखाली सगळे गौड मल्हार येतात, मग ते मिनिटाला 78 फेऱ्यांच्या जुन्या तबकडीवरचे तीन-साडेतीन मिनिटांचे असोत की मैफलीतले तासाभराचे. विलंबित आणि द्रुत यांचे तुकडे जोडून एकच फाइल करण्यासाठी लागणारी सॉफ्टवेअर मोफत मिळतात आणि ते काम अवघड नाही. सिम काढलेला एक जुना फोन, त्यात कार्ड आणि बाहेर एक बरा स्पीकर, एवढ्यावर माझे चालते. राग संपल्यावर पुढे काहीही आपसूक वाजू लागत नाही. ॲपमध्येही ती सोय बंद करता येते, हे मी जाणतो.

आता संग्रहाची किंमत. ती पैशात थोडी आणि वेळात फार आहे. नव्वद मिनिटांची कॅसेट उतरवायला नव्वद मिनिटेच लागतात, त्यात घाई चालत नाही. आमच्या खाऱ्या, दमट हवेत कॅसेटींना बुरशी धरते, डेकचा रबरी पट्टा सैल पडून स्वर खाली उतरतो, आणि मग पट्टा बदलून देणारा माणूस शोधत फिरावे लागते. कार्डही कधीतरी दगा देते, म्हणून दुसरी प्रत हार्ड डिस्कवर, आणि जमल्यास ती डिस्क दुसऱ्या कोणाच्या घरी ठेवावी. सर्वांत मोठी उणीव अशी की संग्रह आपल्या जुन्या आवडीपुरता राहतो. आजच्या पिढीतले कोण काय गात आहे हे त्यातून कळत नाही. त्यांचे बरेचसे गाणे केवळ ॲपवर किंवा व्हिडिओच्या रूपात येते. थिबा राजवाड्यात जानेवारीत होणाऱ्या रत्नागिरीच्या महोत्सवात एखादे नवे नाव ऐकले आणि रात्री परतताना त्यांचे आणखी काही ऐकावेसे वाटले, तर तिथे ॲपला पर्याय नाही. गावाकडच्या गाण्यापुरते पारडे पुन्हा उलटते: डबलबारीची भजने किंवा दशावतारातली पदे मला ॲपवर फारशी सापडली नाहीत, ती आमच्याकडे आजही एकमेकांच्या पेन ड्राइव्हवरूनच फिरतात.

आवाजाच्या दर्जाबद्दल मी मोजमाप केलेले नाही. माझ्या कानाला चांगल्या सीडीवरून घेतलेली फाइल आणि ॲपवरचे वरच्या दर्जाचे प्रसारण यांत सांगण्याजोगा फरक वाटत नाही. कॅसेटवरून उतरवलेले मात्र दोहोंपेक्षा उणे पडते. ज्यांचा स्पीकर माझ्याहून चांगला असेल त्यांचे मत कदाचित वेगळे होईल.

तेव्हा जे प्रामुख्याने भावगीते, चित्रपटगीते आणि सुटी नाट्यपदे ऐकतात, त्यांनी संग्रहाच्या खटाटोपात पडू नये, असे मला वाटते. गाणे हे त्यांचे एकक आहे आणि ॲप त्यासाठीच घडवलेले आहे. पण ज्यांचे बोट गायकाआधी रागाकडे जाते, त्यांनी निदान एका रागापुरता संग्रह करून पाहावा, आणि ॲप ठेवलेच तर नवे शोधण्यापुरते ठेवावे. मी सध्या तसेच करतो. ॲपवर जे सापडते आणि मनात राहते, त्याची सीडी किंवा रीतसर विकत मिळणारी फाइल घेतो आणि तिला योग्य रागाखाली बसवतो.

सुरुवात सीडींपासून करावी. त्या पटकन उतरतात आणि आठवड्याभरात ऐकण्याजोगे काही हाती लागल्याने उत्साह टिकतो. कॅसेटींना मात्र पावसात हात लावू नये. हवा कोरडी झाल्यावर, म्हणजे दिवाळीनंतर, एकेक कॅसेट बाहेर काढावी, आधी दोन्ही बाजूंनी पूर्ण पुढे-मागे फिरवून घ्यावी आणि मगच उतरवायला लावावी.