मातीच्या जमिनीखाली ऊब: पाण्याची नळी की विजेची केबल?

कोल्हापुरात डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा 14-15 अंशांवर येतो आणि दुपारी पुन्हा तिशीकडे जातो. एवढ्यासाठी घरभर जमीन तापवायची गरज नाही, हे आधीच सांगून टाकतो. पन्हाळ्याच्या पायथ्याला घर स्वतः बांधताना आम्ही विचार केला तो फक्त आईच्या दहा बाय बाराच्या खोलीचा. कारण तिचे गुडघे.

जमिनीखाली तापणाऱ्या केबलचा हिशेब सोपा. कपाट-पेटीखालची जागा सोडून 8 चौरस मीटर, चौरस मीटरला 100 वॅट, म्हणजे 800 वॅट. चार तासांचे 3.2 युनिट. बसवायला स्वस्त, पंप नाही, टाकी नाही. पण मातीचा जाड थर तासाभरात तापत नाही. पहाटे ऊब हवी तर मध्यरात्रीच बटण दाबायचं. शिवाय सारवलेली ओली जमीन आणि खाली वीज, हे माझ्या मनाला पटलं नाही. 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, तर हवाच. घूस लागली की काय होईल, ते मातीच्या घरात राहिलेल्यांना सांगायला नको.

पाण्याच्या नळीत मातीचा हाच संथपणा कामाला येतो. संध्याकाळी सोलरचं पाणी फिरवलं की पहाटेपर्यंत जमीन कोमट राहते. 200 लिटर पाणी 60 वरून 35 अंशांवर उतरलं तर पावणेसहा युनिटांएवढी उष्णता देतं. 60 अंशांचं पाणी थेट सोडायचं नाही, मिक्सिंग व्हॉल्व्ह लावून 35-40 वर आणायचं. 16 मिलिमीटरची पेक्स (गरम पाणी सोसणाऱ्या प्लास्टिकची) नळी वीत-वीतभर अंतरावर, एकसंध. जमिनीत सांधा नको.

खरी अडचण धुम्मसाची. आपली जमीन ठोकून, चोपण्यानं चोपून घट्ट होते. नळीवर ते चालत नाही. वरचा थर ओल्या गाऱ्याचा ओतावा लागतो आणि तो वाळताना तडकतो. म्हणून काळी माती अजिबात नको. लाल माती, भरपूर वाळू, बारीक काड. पूर्ण वाळल्याशिवाय गरम पाणी सोडू नका. गारा ओतताना नळीत दाब भरून ठेवा. आमच्याकडे फावड्याचा एक फटका बसला आणि गेजचा काटा लगेच खाली आला, म्हणून कळलं.

दोन्हींच्या खाली प्लास्टिकचा कागद आणि दोन इंची एक्सपीएस (उष्णता अडवणारा कडक फोम) हवंच, नाहीतर ऊब धरणीमातेला. जोतं दोन फूट उचला, खाली खडी भरा. पावसाळ्यात इथं पायाला जो गारवा लागतो तो निम्मा ओलीचा असतो.

निवडायचंच तर मी नळी म्हणेन, तीही एकाच खोलीत. आमची घालून झाली, पण सोलरला अजून जोडलेली नाही. ओल गेल्यापासून आई घोंगडं टाकून खालीच बसते. जोडू का विचारलं तर म्हणते, “राहू दे रं, आंघुळीचं पाणी गार व्हईल.”