स्वाइप मशीनची सफाई: क्लिनिंग कार्ड की अल्कोहोलचे कापड?

मुंबईच्या दमट, खाऱ्या हवेत स्वाइप मशीन लवकर मळते. दादरच्या एखाद्या मिठाईच्या दुकानात तर कार्डाच्या खाचेत तुपकट बोटांचा चिकटा आणि धूळ एकत्रच साचतात.

क्लिनिंग कार्ड नेहमीच्या कार्डाएवढेच असते, मात्र त्यावर बहुधा आयसोप्रोपिल अल्कोहोलात भिजवलेला मऊ थर असतो. ते खाचेत काही वेळा आत-बाहेर केले, की चिपच्या सोनेरी चौकटीला टेकणारी आतली बारीक स्प्रिंगदार टोके पुसली जातात आणि चुंबकीय पट्टी वाचणारे हेडही तसेच साफ करता येते. कापड तिथे पोहोचतच नाही. काडीला गुंडाळून ते आत कोंबणे तर कटाक्षाने टाळावे, कारण टोक वाकले तर ते दुकानात सरळ करता येत नाही: मशीन उघडताच छेडछाडरोधक यंत्रणा आतील सुरक्षा-कळा (म्हणजे बटणे नव्हे, तर व्यवहार सुरक्षित ठेवणारे गुप्त कोड) पुसून टाकते आणि ते बदलून घ्यावे लागते.

कीपॅड आणि स्क्रीनसाठी मात्र कापडच योग्य. मशीन बंद करावे, अल्कोहोल स्क्रीनला चालते का हे माहितीपत्रकात पाहावे आणि द्रव कापडावरच घ्यावा, मशीनवर फवारू नये.

5000 रुपयांपर्यंतचे व्यवहार पिनशिवाय टॅपने होत असल्याने खाच कमी वापरली जाते. अशा दुकानात रोज कापड आणि महिन्यातून एकदा कार्ड पुरावे. चिप सतत घातली जात असेल, तर कार्ड आठवड्याला वापरावे, असे माझे स्पष्ट मत आहे.