दंडावरची चौदा दिवसांची टिकली: शुगर सेन्सर वापरून बघितला

गेल्या महिन्यात दंडाला चिकटवायचा तो शुगर सेन्सर घेतला, पूर्ण चौदा दिवस वापरला, म्हटलं लिहून टाकू. मला डायबिटीस नाहीये, म्हणजे अजून तरी नाही, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ततपासणी) ६.१ आलं, डॉक्टर म्हणाले बॉर्डरलाइन आहे, चाला आणि वजन उतरवा. सेन्सर लावा असं काही ते म्हणाले नव्हते हां, ती माझी हौस.

लावायला एकदम सोपा, दंडाच्या मागे ठेवून खटकन दाबायचा, बांगड्या भरताना दुखतं तेवढंही दुखलं नाही. सासूबाई म्हणाल्या, अगं ही टिकली दंडावर का? हा रक्तातली नाही तर कातडीखालच्या पाण्यातली शुगर मोजतो, त्यामुळे बोट टोचून येणाऱ्या आकड्याच्या पाच-दहा मिनिटं मागे असतो. पहिल्या दिवशी तर ग्लुकोमीटरवर १०४ आणि मोबाईलवर ८२. घाबरू नका, पहिला दिवस सोडूनच द्यायचा.

खरी गंमत खाण्यात. एकादशीला एक वाटी साबुदाण्याची खिचडी खाल्ली, वर दही, तासाभरात १८७! आणि मी इतकी वर्षं समजतेय की उपवासाला आपण हलकं खातो. दुसऱ्या दिवशी ज्वारीची भाकरी, मेथी, आमटी, तर १३१ च्या वर गेलंच नाही. मग नादच लागला. तेच पोहे, तेवढेच, दोनदा करून बघितले, एकदा खाऊन लगेच लॅपटॉपपुढे बसले तर १७२, दुसऱ्यांदा खाऊन सोसायटीत पंधरा मिनिटं फेऱ्या मारल्या तर १४१. आजोबा शतपावली घालायचे तेव्हा आम्ही पोरं मागून नकला करायचो.

आता तक्रारी. रात्री तीनला फोन बोंबलायला लागला, शुगर ५८, नवरा धावत जाऊन साखरपाणी घेऊन आला, बोट टोचलं तर ९६. त्या कुशीवर झोपलं की दंड दाबला जातो आणि खोटा आकडा येतो, हे अ‍ॅपमध्ये कुठेतरी आत लिहिलंय पण आधी कोण वाचतं. तीनदा झालं असं. (तुम्ही इन्सुलिनवर असाल तर मात्र अलार्म बंद करू नका, आधी बोट टोचून बघा.) नवव्या दिवशी लोकलमध्ये कोणाच्या तरी पर्सचा पट्टा अडकला आणि सेन्सर अर्धा उचकटला. कस्टमर केअरवाली म्हणाली पूर्ण निघाला असता तर बदलून दिला असता. मग काय, मेडिकलमधून चिकटपट्टी आणून बसवला, पुढे चालला.

किंमत पाच हजारांच्या आसपास, म्हणजे दिवसाला साडेतीनशे! इन्सुलिनवाल्यांची गोष्ट वेगळी, पण माझ्यासारख्यांनी एकदाच लावावा, आपलं ताट ओळखून घ्यावं आणि काढून टाकावा. दहाव्या दिवसानंतर मी प्रत्येक घासाला फोन बघत होते, बारशाला गेले तिथे जिलबी हातात धरून आकडा बघत उभी, शेवटी नवऱ्यानेच फोन काढून घेतला.

पाचपैकी साडेतीन स्टार. कापलेल्या दीडपैकी अर्धा तो त्या रात्री तीनच्या साखरपाण्याचा. आणि टिकलीला हसणाऱ्या सासूबाई आता विचारतायत, गणपतीत मला एक लाव, मोदकाने किती चढते बघू.