‘अर्थिंग किट’ बसवून घेण्याआधी मिलिव्होल्ट मोजून घ्या

ॲक्सेसरीच्या दुकानात बॉनेट उघडतात आणि बॅटरीकडे बोट दाखवतात: ही बघा, कंपनीने अर्थिंगला एकच वायर दिलीय. मग कपाटातून लाल-निळ्या वायरींचा जुडगा निघतो, तोच ‘अर्थिंग किट’. पाच-सहा वायरी, टोकांना सोनेरी रिंगा आणि बॅटरीच्या निगेटिव्हला लावायची एक चकती. ॲव्हरेज वाढेल, पिकअप सुधारेल, हेडलाइटचा उजेड वाढेल, टेपचा आवाज साफ येईल असं सांगतात. गिऱ्हाईक काही हजार रुपये मोजतं, पहिले काही दिवस गाडी हलकी वाटते, आणि पंधरवड्यात ती पूर्वीसारखीच चालतेय हे लक्षात येतं. तोवर दुकानदार सांगतो, ‘तुमची गाडीच जुनी आहे.’

आधी हिशेब बघा, कारण सगळी फसवणूक इथेच उघडी पडते. अर्थिंग म्हणजे करंटची बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतीची वाट, आणि गाडीत ती वाट म्हणजे बॉडीचा पत्रा आणि इंजिनचा ब्लॉक. बॅटरीपासून या दोघांपर्यंत कंपनीने जाड केबल दिलेली असते. ती १६ चौरस मिलिमीटर तांब्याची आणि अर्धा मीटर लांब धरली, तर तिचा रोध साधारण अर्धा मिलिओहम येतो. इंजिनच्या कंट्रोल युनिटचे (इंजिन सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर) आणि स्पार्क पाडणाऱ्या कॉइलचे मिळून ५ अँपिअर त्यातून गेले, तर तुटणारा व्होल्टेज पावणेतीन मिलिव्होल्टच्या आसपास. शेजारी किटमधली ८ चौरस मिलिमीटरची वायर जोडली की तो पावणेदोनवर येतो. म्हणजे वाचला एक मिलिव्होल्ट. चालू गाडीत अल्टरनेटरचा, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या जनरेटरचा, व्होल्टेजच साधारण १३.८ ते १४.५ च्या दरम्यान सतत हलत असतो. पेट्रोल फवारणारा इंजेक्टर किती वेळ उघडायचा, कॉइल किती वेळ भरायची, हे कंट्रोल युनिट बॅटरीचा व्होल्टेज बघून क्षणोक्षणी जुळवतं. तिथे एका मिलिव्होल्टने पेट्रोल वाचत नाही आणि स्पार्कही जोरकस होत नाही.

मग गाडी हलकी का वाटते? किट बसवताना बॅटरीचं निगेटिव्ह काढतात. त्याने बऱ्याच गाड्यांमध्ये कंट्रोल युनिटने शिकून ठेवलेली इंधनाची आणि आयडलिंगची गणितं पुसली जातात, आणि ती पुन्हा जुळेपर्यंत गाडी थोडी वेगळी वागते. किट न लावता नुसतं टर्मिनल दहा मिनिटं काढून परत लावलं, तरी हेच जाणवेल. हाच फरक किटचा म्हणून विकला जातो.

दुकानातल्या मल्टिमीटरवर विशेष लक्ष ठेवा. ‘आधी’चं रीडिंग घेताना मीटरचं टोक रंग दिलेल्या पत्र्यावर टेकवतात आणि ‘नंतर’चं उघड्या बोल्टवर. आकडा साहजिकच बदलतो. दुसऱ्या प्रकारात ‘आधी’चं रीडिंग इंजिन बंद असताना घेतात, १२.५ व्होल्ट, ‘नंतर’चं इंजिन चालू करून, १४.२ व्होल्ट. ही वाढ अल्टरनेटरची आहे, वायरींचा तिच्याशी काही संबंध नाही. तिसरा प्रकार ओहमच्या रेंजवर दाखवायचा. साध्या मीटरच्या स्वतःच्या दोन वायरींचाच रोध ०.२ ते ०.५ ओहम असतो, तर अर्थिंगचा रोध मिलिओहममध्ये. त्या मीटरला तो दिसूच शकत नाही. कुणी ओहममध्ये अर्थिंग ‘सिद्ध’ करून दाखवत असेल, तर तिथून निघावं.

अर्थिंग खराब होतच नाही, असं मात्र नाही. होते, आणि कोकणपट्टीत, मुंबईत, गोव्यात खाऱ्या हवेने आणि पावसाळ्याने जरा लवकरच होते. गिअरबॉक्सवरून बॉडीला जाणारी तांब्याच्या विणीची पट्टी खालून हिरवी-पांढरी पडते, एकेक तार तुटत जाते, आणि बोल्टखालच्या पत्र्याला गंज धरतो. वरून बघितलं तर पट्टी जागेवर दिसते, हाताने हलवली की चुरा होऊन येतो. अशा गाडीत सेल्फ मारताना नुसता टिकटिक आवाज येतो. कधी सेल्फचा करंट परतीची वाट शोधत ॲक्सिलरेटर किंवा गिअरच्या केबलमधून जातो आणि केबल हाताला चटका देण्याइतकी तापते. ब्रेक दाबल्यावर मागचा इंडिकेटर मंद पेटत असेल, तर मागच्या दिव्याची अर्थ सुटलेली आहे. तिथे बॉनेटखाली सहा वायरी टाकून काहीही होणार नाही, दोष डिकीतल्या बोल्टपाशी आहे.

हे शोधायला साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. तो डीसी २ व्होल्टच्या रेंजवर ठेवा. काळं टोक बॅटरीच्या निगेटिव्हच्या शिशाच्या खुंटावरच टेकवा, त्यावर आवळलेल्या केबलच्या क्लॅम्पवर नको. नाहीतर क्लॅम्प आणि खुंट यांच्यातला खराब जोड मापातून सुटतो. लाल टोक इंजिन ब्लॉकच्या उघड्या धातूवर. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. पेट्रोल गाडीत फ्युएल पंपाचा फ्यूज काढा, म्हणजे इंजिन चालू राहणार नाही, आणि दुसऱ्याला तीन-चार सेकंद सेल्फ मारायला सांगा. आकडा ०.२ व्होल्टच्या आत असेल तर त्या बाजूची अर्थिंग ठीक आहे. ०.५ च्या वर गेला तर दोष नक्की. मग फ्यूज परत घालून गाडी चालू करा, हेडलाइट अप्परवर, एसीचा ब्लोअर पूर्ण, आणि इंजिन ब्लॉक ते बॉडी मोजा. ही जागा बरेच मेकॅनिकसुद्धा विसरतात. अल्टरनेटर इंजिनवर बसलेला असल्याने चालू गाडीत दिव्यांचा आणि ब्लोअरचा करंट बॉडीकडून इंजिनकडे परततो. इथे ०.१ व्होल्टपेक्षा जास्त यायला नको. दोन्ही मापं ठीक असतील, तर किट बसवून सुधारण्यासारखं तिथे काही नाही.

दोष निघालाच, तर तीच पट्टी बदलायची. आधी बॅटरीचं निगेटिव्ह काढा, बहुतेक गाड्यांत १० नंबरचा पाना लागतो. बोल्टखालचा पत्रा १२० नंबरच्या पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा, नवी पट्टी दातेरी वॉशर घालून आवळा, आणि आवळल्यावर वरून पेट्रोलियम जेली फासा. अर्ध्या-पाऊण तासाचं काम आहे आणि किटच्या तुलनेत खर्च किरकोळ. हॅलोजन हेडलाइट मंद वाटत असतील तर हेडलाइटच्या मागे, कनेक्टरवर व्होल्टेज मोजा. बहुतेकदा तूट स्विचमधून येणाऱ्या बारीक पॉझिटिव्ह वायरीत सापडते, आणि त्यावर उपाय फ्यूजसह रिले (बारीक करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) बसवणं हाच आहे. दिव्याला अर्धा व्होल्ट कमी मिळाला तर उजेड १३-१४ टक्क्यांनी घटतो, त्यामुळे हा खर्च मात्र सार्थकी लागतो.

किटमुळे नुकसानही होतं. स्टार्ट-स्टॉप (गाडी थांबली की इंजिन आपोआप बंद-चालू होणं) असलेल्या गाड्यांत बॅटरीच्या निगेटिव्ह क्लॅम्पवर एक छोटा सेन्सर असतो, तो आत-बाहेर जाणारा करंट मोजतो. किटची चकती थेट खुंटावर बसवली की काही करंट सेन्सरला वळसा घालून जातो. मग गाडीचा बॅटरीचा हिशेब चुकतो, स्टार्ट-स्टॉप बंद पडतं, चार्जिंगही चुकू शकतं. एअरबॅगच्या वायरिंगचा अर्थ बोल्ट तर कुणालाही सैल करू देऊ नका. आणि किटची वायर एक्झॉस्टजवळून नेली असेल, तर तिचं प्लॅस्टिक वितळणारच.

वायर तरी तांब्याची आहे का, तेही बघा. रिंगेजवळची एक तार ब्लेडने खरवडा. आत पांढरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे. ॲल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या साधारण ६१ टक्के, म्हणजे वर मांडलेला एक मिलिव्होल्टसुद्धा पुरता मिळत नाही. शिवाय ओल लागली की जोडापाशी अशी तार लवकर सडते.

पैसे देऊन झाले असतील, तर बिलावर ‘अर्थिंग किट’ असं लिहून घ्या, आणि ॲव्हरेजचा दावा छापलेलं खोकं किंवा व्हॉट्सॲपवरचा मेसेज जपून ठेवा. तोंडी वचन नंतर नाकारलं जातं, छापील दावा नाकारता येत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. तिथे तोडगा निघाला नाही तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते.

किट काढून टाकताना एक गोष्ट तपासाच: बसवणाऱ्याने कंपनीची मूळ पट्टी जागेवर ठेवली आहे ना. बोल्टला जागा करायला कधीकधी तीच काढून टाकलेली असते. ती नसताना किट उतरवलं तर सेल्फचा सगळा करंट ॲक्सिलरेटर-गिअरच्या केबलांवर येईल. आधी मूळ पट्टी लावा, वर सांगितल्याप्रमाणे माप घ्या, आणि मगच त्या रंगीत वायरी सोडा.