अंगणातला ओटा: दहा महिन्यांनंतर काय टिकलं, काय घरात परत गेलं

गेल्या नोव्हेंबरात, दिवाळी उरकल्यावर, नाशिकच्या पाथर्डी फाट्याजवळच्या आमच्या रो-हाउसच्या मागच्या अंगणात स्वयंपाकाचा ओटा बांधला. आता गणपती झाले. थंडी, ऊन, पाऊस तिन्ही बघून झाले म्हणून लिहायला बसले. पहिल्याच महिन्यात लिहिलं असतं तर सगळ्या वस्तूंना पाचपैकी पाच दिले असते.

जागा मी निवडली आणि तिथेच फसले. भाकरी थापताना पांडवलेण्याचा डोंगर दिसावा, एवढीच हौस. सासूबाई आग्नेय कोपरा म्हणत होत्या, ते मी वास्तूचं खूळ म्हणून उडवून लावलं. उन्हाळ्यात कळलं, की डोंगर दिसतो त्याच बाजूने वारा येतो, आणि आग्नेय कोपऱ्याला जिन्याची भिंत आड आहे.

वाऱ्याचा पहिला बळी काचेचा तीन बर्नरचा हॉब. वस्तू चांगली आहे, पण घरातली. बाहेर ज्योत आडवी पडायची, कुकरची शिट्टी व्हायला दुप्पट वेळ. एकदा मी कांदा चिरत होते, मागे वळले तर बर्नर विझलेला आणि नॉब चालूच! त्या दिवसापासून हॉब बंद. आता फ्लेम फेल्युअर डिव्हाइसवाली स्टीलची शेगडी आहे. ज्योतीशेजारी छोटी सळई असते, ती तापलेली असेपर्यंतच गॅसची झडप उघडी राहते. ज्योत गेली की थोड्या वेळात गॅस आपोआप बंद. तीन बाजूंनी पत्र्याचा आडोसाही केला. सिलिंडरच्या कप्प्याला मात्र खाली जमिनीलगत मोकळी जाळी ठेवली आहे, कारण एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर खालीच साचतो. चिमणीसाठी शोरूमवाला फार मागे लागला होता. उघड्या अंगणात धूर वाराच नेतो, चिमणीपर्यंत पोचणार कधी?

आता फ्रिज. हा किस्सा मी भेटेल त्याला सांगते.

जुना डबल डोअर फ्रिज बाहेर पत्र्याखाली ठेवला. माझी सगळी काळजी उन्हाळ्याची, पण बिघडला तो डिसेंबरात. नाशिकची थंडी तुम्हाला माहीत आहे, पारा दहाच्या खाली जातो. एका सकाळी फ्रीझर उघडला तर आइस्क्रीमची बासुंदी झालेली, मटारच्या पिशव्या मऊ, बर्फाच्या ट्रेमध्ये नुसतं पाणी. खालचा कप्पा मात्र गार. मेकॅनिकला बोलावलं. तो आला दुपारी दोनला, चांगलं ऊन पडल्यावर. फ्रिज घुर्र करून चालू! "ताई, काही बिघाड नाही," म्हणाला आणि व्हिजिटचे पैसे घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बासुंदी.

कारण शेवटी मागच्या स्टिकरवर सापडलं. तिथे क्लायमेट क्लास लिहिलेला असतो: 'एन' म्हणजे भोवतालचं तापमान 16 ते 32 अंश, 'टी' म्हणजे 16 ते 43. वरचा आकडा सगळे बघतात, खालचा कोणी बघत नाही. आमच्या मॉडेलमध्ये थर्मोस्टॅट एकच, तोही खालच्या कप्प्यात. बाहेरच एवढं गार, की त्याला वाटतं काम झालं. कॉम्प्रेसर सुरूच होत नाही आणि फ्रीझर विरघळतो. फ्रिज परत घरात नेला. बाहेर आता बर्फाची पेटी, पार्टीपुरती.

स्टीलचं दुःख वेगळं. कपाटं आणि सिंक एका फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घेतली. "304 आहे वहिनी, हे बघा," म्हणून (304 म्हणजे न गंजणाऱ्या स्टीलचा चांगला ग्रेड) त्याने लोहचुंबक लावून दाखवलं. चिकटलं नाही, आम्ही खूश. जुलैत जोडांवर आणि बिजागऱ्यांवर तांबूस ठिपके. 202 ग्रेडलाही चुंबक सहसा चिकटत नाही, हे तेव्हा कळलं. त्यात निकेल कमी आणि मँगनीज जास्त, म्हणून स्वस्त. तपासायच्या द्रावणाचा थेंब टाकला तर रंग बदलला, म्हणजे 304 नव्हतंच. आता फोन केला की तो साइटवर असतो. तुम्ही बिलावर ग्रेड लिहून घ्या आणि थेंबाची चाचणी समोर करायला लावा.

विजेचं थोडक्यात: झाकणवाले, धुळी-पाण्यापासून जपणारे आयपी 55 सॉकेट नीट टिकले. चूक एवढीच, की बाहेरची लाइन घराच्याच आरसीसीबीवर (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) घेतली होती. तिरका पाऊस आला, मिक्सरच्या प्लगमध्ये पाणी गेलं आणि अख्खं घर अंधारात. आता बाहेरला वेगळा 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी आहे. काळ्या ग्रॅनाइटला दुपारी हात लावता येत नाही. एप्रिलात त्यावर पापड आणि कुरडया वाळवल्या, एका दिवसात कडकडीत. इलेक्ट्रिक तंदूर चार वेळा वापरला. धूळ खातोय.

आणि सगळ्यात जास्त चालली ती यादीत नसलेली वस्तू. सासूबाई जळगावकडच्या. बांधकामातून उरलेल्या विटांची चूल त्यांनी गवंड्याकडून आग्नेय कोपऱ्यात मांडून घेतली. हिवाळाभर तिच्या निखाऱ्यात भरिताची वांगी भाजली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्यावर मातीचं खापर पालथं घालून पुरणाचे मांडे केले. हातावर फिरवत फिरवत मांडा कोपरापर्यंत आला, खापरावर पडला, आणि जाळ जराही हलला नाही. मी पलीकडे पत्र्याआडच्या शेगडीवर आमरसासोबतची भजी तळत होते. त्या काही बोलल्या नाहीत. नुसतं बघितलं.

दिवाळीनंतर ओटा तिकडे हलवतोय. काचेचा हॉब खोक्यात आहे. कुणाला घरातल्या ओट्यासाठी हवा असेल तर पावतीसकट देईन.