जेएसएन-एसआर०४टी: गच्चीवरच्या टाकीसाठी घ्यावा का?

टाकीतली पातळी रास्पबेरी पाय (छोटा संगणक, पुढे नुसतं ‘पाय’) मार्फत होम असिस्टंट या घरातली उपकरणं सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरवर पाहायची असेल, तर हा अल्ट्रासॉनिक, म्हणजे ध्वनिलहरींनी अंतर मोजणारा, सेन्सर स्वस्त आणि कामाचा आहे. वॉटरप्रूफ फक्त प्रोब, म्हणजे टाकीत बसणारं टोक, असतो. सर्किट बोर्ड टाकीबाहेर बंद डबीतच ठेवा.

घेण्याआधी एक माप नक्की काढा. प्रोब एकच असतो, तोच आवाज सोडतो आणि तोच ऐकतो. स्वतःचं कंपन थांबेपर्यंत त्याला प्रतिध्वनी ओळखता येत नाही, त्यामुळे पाणी २० सेंमीच्या आत आलं की आकडा भरकटतो. म्हणजे टाकी भरत आली की नेमका तेव्हाच तो चुकतो! ओव्हरफ्लोच्या पाइपापासून प्रोब किमान २५ सेंमी वर बसत नसेल, तर हा सेन्सर घेऊच नका. उंची मिळवायला तो अरुंद पाइपात बसवला, तर पाइपाच्या कडाच प्रतिध्वनी देतात. पाणी पडतं ती बाजूही टाळा.

सेन्सर ५ व्होल्टवर चालवल्यास त्याच्या इको पिनवर (प्रतिध्वनीचा सिग्नल देणारी पिन) ५ व्होल्ट येतात आणि पायच्या पिना ३.३ व्होल्टच्याच असतात. इको आणि पायच्या पिनेमध्ये १ किलोओहमचा रेझिस्टर, पायच्या त्याच पिनेपासून ग्राउंडला २ किलोओहमचा, एवढं हवंच. सेन्सर आणि पाय, दोन्हींचं ग्राउंड एक करा.

पायवरच्या लिनक्समध्ये इकोची पल्स मोजताना वेळ थोडी मागेपुढे होते, म्हणून सात मोजमापं घेऊन, ती क्रमाने लावून मधलं धरा. तापमानाची दुरुस्तीही करा: २० अंशांचा ध्वनिवेग धरून ४० अंशांत मोजलं, तर ६० सेंमी अंतरात सुमारे २ सेंमी चूक होते. १०५ सेंमी व्यासाच्या टाकीत ते १७ लिटर झाले.

होम असिस्टंटने जीपीआयओची (पायच्या पिनांची) थेट जोडणी जून २०२२ मध्ये काढून टाकली. त्यामुळे पायवर छोटी पायथन स्क्रिप्ट चालवून आकडा एमक्यूटीटीने (उपकरणांमध्ये छोटे संदेश पाठवायची पद्धत) पाठवणं सोपं पडतं. होम असिस्टंटमधल्या या सेन्सरच्या सेटिंगमध्ये ‘एक्स्पायर आफ्टर’ (इतक्या वेळात नवा आकडा आला नाही तर जुना बाद) १८० सेकंद ठेवायला विसरू नका. नाहीतर स्क्रिप्ट बंद पडली तरी पडद्यावर जुनाच आकडा दिसत राहतो, आणि त्याच्या भरवशावर मोटर चालूच राहते.

मोटर बंद करण्याचं काम मात्र एकट्या या सेन्सरवर सोपवू नका. त्यासाठी स्टार्टरच्या कंट्रोल वायरिंगमध्ये वेगळा फ्लोट स्विच (पाण्यावर तरंगून चालू-बंद होणारा) इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्या. पाय बंद असला तरी तो मोटर थांबवतो.