एक मत की पाच? झारलांड आणि ब्रेमेन
जर्मनीतली ही दोन चिमुकली राज्यं, पण राज्याच्या विधानसभेसाठी मतदानाची तऱ्हा अगदी वेगळी. झारलांडमध्ये एकच मत, एकच फुली, तीही पक्षाच्या यादीला. सोपं आहे. पण 2022 मध्ये ग्रीन पक्षाला 5 टक्क्यांचा उंबरठा (सभागृहात शिरायला लागणारी किमान मतं) अवघ्या 23 मतांनी हुकला आणि एसपीडी या सोशल डेमोक्रॅट पक्षाला 43.5 टक्के मतांवर 51 पैकी 29 जागा मिळाल्या.

ब्रेमेनमध्ये 2011 पासून मतपत्रिका म्हणजे चक्क वहीच! हातात पाच मतं: सगळी एकाच उमेदवाराला द्या, नाहीतर पक्षापक्षांत वाटा. सहावी फुली पडली तर मतपत्रिका बाद, आणि मोजणी काही दिवस चालते. तरी मला हीच पद्धत भावते, कारण यादीच्या तळाशी ढकललेला उमेदवारही मतदारांच्या जोरावर वर येतो. शिवाय याच राज्यातल्या ब्रेमरहाफेन शहराचा 5 टक्क्यांचा हिशेब वेगळा होतो, त्यामुळे फक्त तिथे पाय रोवलेला पक्षही सभागृहात पोहोचतो.